हिलरीच्या मनगटावर रोलेक्स? अर्धवट गोष्ट आहे ही

परवा छप्पन दुकान या इंदूरच्या खाऊगल्लीत पोहे-जलेबी खाताना आमच्या एका मित्राने बाही वर करून घड्याळ दाखवलं, म्हणे रोलेक्स एक्सप्लोरर, हेच घालून हिलरी एव्हरेस्ट चढला. काचेवर शेवेचा चुरा पडलेला, तो हळूच रुमालाने पुसत होता बिचारा. इंदूरात ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकतोय.

तर १९५३ च्या मोहिमेला रोलेक्सनेही घड्याळं दिली होती आणि स्मिथ्स या इंग्लिश कंपनीनेही, पण २९ मेला हिलरीने शिखरावर नेलं ते स्मिथ्स, आणि नंतर त्यानेच ते लंडनच्या घड्याळांच्या म्युझियमला देऊन टाकलं, आज सायन्स म्युझियममध्ये बघायला मिळतं. एक्सप्लोरर हे नाव बाजारात आलं त्याच वर्षी, जाहिराती एव्हरेस्टच्या, मग लोकांनी दोन्ही जोडून टाकलं, दुसरं काय होणार!

बरं, खरी गंमत आतल्या तेलाची. कडाक्याच्या थंडीत साधं तेल घट्ट होतं आणि चाकं जड चालतात, आपलं खोबरेल कसं जानेवारीत बाटलीतच बसून राहतं तसंच, म्हणून अशा मोहिमांच्या घड्याळांत थंडीत न गोठणारं तेल घालायचे.

आणि १९७१ मध्ये आलेल्या एक्सप्लोरर टू या रोलेक्सच्याच पुढच्या मॉडेलमधला तो जादा काटा शोभेचा नाही, २४ तासांचा आहे, म्हणजे दिवसातून एकच फेरी मारतो. गुहेत किंवा ध्रुवावर १० वाजले तर सकाळचे की रात्रीचे हे बाहेर बघून कळत नाही ना.

मित्राला हे सगळं सांगितलं. म्हणाला, जलेबी खा.