रॅम ‘मोकळी’ ठेवल्याने सर्व्हर पळत नाही

डेडिकेटेड सर्व्हर (फक्त आपल्यासाठीचं भाड्याचं मशीन) घेतला की एक सल्ला हमखास मिळतो: दर तासाला क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणारी सोय) लावून कॅशे (रॅममध्ये धरून ठेवलेल्या फाइलींचा साठा) साफ करा, रॅम मोकळी राहील, वेग वाढेल. हे चूक आहे, आणि त्याने नुकसानच होतं.

लिनक्स डिस्कवरून वाचलेल्या फाइली रिकाम्या रॅममध्ये धरून ठेवतं. तीच फाइल पुन्हा लागली, की डिस्ककडे जावंच लागत नाही. प्रोग्रामला मेमरी हवी झाली, तर कर्नल (लिनक्सचा गाभा) ही जागा आपणहून सोडतं. कॅशे साफ करायला कर्नलच्या ड्रॉप_कॅशेस या फाइलीत ३ लिहिलं, की हा साठा बहुतेक सगळा जातो. मग स्क्रिप्टपासून चित्रांपर्यंत सगळं पुन्हा डिस्कवरून, आणि साइट नेमकी तेव्हाच रेंगाळते. ही सोय चाचण्यांसाठी आहे, चालत्या सर्व्हरसाठी नाही!

३२ जीबीच्या मशीनवर मेमरीचा हिशेब दाखवणाऱ्या ‘फ्री’ कमांडने फ्री रकान्यात ६०० एमबी दाखवले तरी घाबरू नका. शेवटचा अव्हेलेबल रकाना बघा; तिथे २० जीबी असतील तर मेमरी भरपूर आहे. कर्नल हा अंदाज २०१४ च्या ३.१४ आवृत्तीपासून स्वतः देतं.

खरी टंचाई व्हीएमस्टॅट या कमांडमध्ये कळते. तिथले एसआय आणि एसओ (रॅम पुरत नसल्याने डिस्कवरून आत आणलेली आणि डिस्कवर टाकलेली मेमरी) सतत शून्याच्या वर असतील, तर पीएचपी-एफपीएमचे वर्कर (पीएचपी स्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रक्रिया) कमी करा किंवा मायएसक्यूएल डेटाबेसचा बफर पूल (त्याने रॅममध्ये राखलेली जागा) आटोक्यात आणा.