वाचा गेली म्हणजे समज गेली नाही

लकवा मारून वाचा गेली की आमच्या यवतमाळकडच्या खेड्यांत माणसासमोरच म्हणतात, "आता बुढ्याले काही समजत नाही." पुष्कळदा हे साफ चुकीचं असतं.

शब्द जुळवून बोलणारा भाग बहुतेकांच्या मेंदूत डावीकडे, कपाळामागे असतो. पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या डॉक्टरांनी १८६१ साली तो दाखवला. त्यांचा रुग्ण "तां" एवढंच बोलायचा, पण दुसऱ्याचं बोलणं त्याला बरंच कळायचं. ऐकलेल्याचा अर्थ लावणारा भाग वेगळा, कानाच्या वर, थोडा मागे. तिथं इजा झाली तर मात्र समजायला जड जातं.

माझ्या आजोबांना "पाणी" म्हणता येत नव्हतं. तांब्याकडे बोट दाखवायचे. पण सांजच्या प्रार्थनेत खंजेरी वाजली की भजनाची अख्खी ओळ शब्दांसकट म्हणायचे. गावाला चमत्कार वाटला. पाठ झालेलं गाणं मेंदू निराळ्या वाटेनं, उजव्या बाजूचीही मदत घेऊन बाहेर काढतो.

अशा माणसाशी बोला. हळू, छोट्या वाक्यांत, हो-नाहीत उत्तर देता येईल असं. आणि लकवा मारताच कबुतराच्या रक्ताच्या मालिशीत वेळ घालवू नका. मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येतं.