अझेलियाच्या कुंडीतली चिलटं: माती पूर्ण सुकवू नका

पाणी घालायला कुंडीजवळ गेलं की मातीतून बारीक काळी चिलटं उठतात, झुडपाभोवती जराशी घुटमळतात आणि पुन्हा मातीवर बसतात. हीच फंगस नॅट. ती चावत नाहीत, पानंही खात नाहीत, आणि आठ-दहा दिवसांत मरतात. पण तेवढ्यात एकेक मादी ओल्या मातीत शंभराहून जास्त अंडी घालू शकते. नुकसान करतात त्या अळ्या: पांढुरक्या, आरपार दिसणाऱ्या, डोकं मात्र चकचकीत काळं. वरच्या 3 ते 5 सेंटिमीटर मातीत त्या बुरशी आणि कुजका पाला खातात, आणि संख्या वाढली की कोवळ्या मुळांना लागतात.

यावर नेहमी एकच सल्ला ऐकायला मिळतो, ‘कुंडी चांगली वाळू द्या’. निवडुंगाला तो चालतो. अझेलिया, कॅमेलिया, अनंत, ब्लूबेरी यांना तो लागू करू नका, ही आमची कळकळीची विनंती. अझेलियाची मुळं केसासारखी बारीक आणि उथळ असतात. अळ्या असतात त्याच थरात ती पसरलेली असतात. शिवाय ही झाडं बहुधा पीटमध्ये, म्हणजे दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या शेवाळाच्या हलक्या मातीत, लावलेली असतात. पीट एकदा खडखडीत वाळलं की पाणी धरत नाही. वरून ओतलेलं पाणी कडेने खाली निघून जातं आणि मुळं कोरडीच राहतात. अशा वेळी कुंडी उचलून पाहा. पाणी घालूनही हलकी लागली, तर बादलीभर पाण्यात बुडवा आणि बुडबुडे थांबेपर्यंत राहू द्या.

मग वाळवायचं किती? फक्त वरचा बोटाच्या पहिल्या पेराएवढा थर. त्यासाठी पाणी खालून द्या: कुंडी अर्धा तास ताटलीतल्या पाण्यात ठेवा, मग उरलेलं पाणी ओतून टाका. महिन्यातून एकदा वरूनही भरपूर पाणी घाला, नाहीतर क्षार साचतात. शक्य असेल तर पावसाचं पाणी वापरा. जड, म्हणजे क्षारयुक्त पाण्याने मातीची आम्लता हळूहळू कमी होते, आणि या झाडांना आम्ल मातीच लागते.

अळ्या आहेत का, हे बटाटा सांगतो. कच्च्या बटाट्याची चकती मातीवर दाबून ठेवा आणि दोन-तीन दिवसांनी उलटून पाहा. काळ्या डोक्याच्या अळ्या खालच्या बाजूला चिकटलेल्या दिसतील. ती चकती लगेच टाकून द्या, कुंडीत कुजू देऊ नका.

अळ्या सापडल्या तर आमची पहिली पसंती बीटीआय या जिवाणूला. डासांच्या अळ्यांवर वापरतात तोच हा. वेष्टनावरच्या प्रमाणात पाण्यात मिसळा आणि हे पाणी मात्र वरूनच घाला, कारण अळ्या वरच आहेत. तो अळीच्या पोटात गेला तरच काम करतो. अंडी, कोष आणि उडणारी चिलटं यांवर त्याचा परिणाम नाही. म्हणून आठवड्याच्या अंतराने निदान तीन वेळा द्या. अंड्यापासून चिलटापर्यंतचा फेरा उबदार हवेत 3 ते 4 आठवड्यांचा असतो. पहिल्या मात्रेनंतर चिलटं दिसतच राहतील, तेव्हा मध्येच सोडू नका. पिवळे चिकट सापळे मातीलगत आडवे ठेवा. त्यांनी प्रश्न मिटत नाही, पण चिलटं कमी होताहेत की नाही ते कळतं.

चुना आणि लाकडाची राख या कुंड्यांत कधीही टाकू नका. अझेलिया आणि ब्लूबेरीला साधारण 4.5 ते 5.5 सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकी माती आम्ल) लागतो. तो चढला की झाडाला लोह घेता येत नाही: कोवळं पान पिवळं पडतं, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. अनेकजण त्याचाही दोष चिलटांना देतात. वरून शिंपल्यांचा चुरा किंवा चुनखडीची वाळूही नको. थर द्यायचाच असेल तर पाइनच्या सालीचे जाड तुकडे पसरा. ‘आम्ल मिळतं’ म्हणून कॉफीचा चोथा घालणंही थांबवा. ओल्या चोथ्यावर बुरशी धरते, आणि चिलटांना नेमकं तेच हवं असतं.