कानासमोरच्या भोकातला पू काढणं वेगळं, सायनस काढणं वेगळं

माझ्या भाच्याच्या उजव्या कानासमोर जन्मापासून एक बारीक भोक आहे. कानाची वरची कड गालाला जिथे चिकटते ना, बरोबर तिथे, टाचणीच्या टोकाएवढं. बारशाला आलेल्या बायका म्हणाल्या होत्या की देवानेच कान टोचून पाठवलाय, आणि आम्हीही ते तेवढ्यावरच सोडलं. तो नऊ वर्षांचा असताना एके दिवशी तिथे लाल सूज आली, दोन दिवसांत बोराएवढी झाली, ठणका इतका की त्या कुशीवर झोपता येईना. हॉस्पिटलमध्ये नेलं, चिरा देऊन पू काढला, पट्टी बांधली, आणि आम्ही सगळ्या नातेवाइकांना फोन करून सांगितलं की ऑपरेशन झालं, सुटलो एकदाचे. सात महिन्यांनी परत तेच. ताई रडकुंडीला आली, म्हणाली पहिल्या डॉक्टरांनी नीट केलंच नाही.

खरं तर त्यांनी जे केलं ते बरोबर केलं होतं. फक्त ती ट्रीटमेंट वेगळ्या गोष्टीची होती आणि हे आम्हाला कोणीच फोड करून सांगितलं नाही, म्हणून हे लिहितोय.

आधी हे भोक म्हणजे काय ते बघा. आईच्या पोटात साधारण सहाव्या आठवड्यात बाळाचा बाहेरचा कान सहा छोट्या उंचवट्यांपासून बनायला लागतो, ते उंचवटे एकमेकांत नीट मिसळले नाहीत तर मधे कातडीचीच एक बारीक नळी राहून जाते. तिला प्रीऑरिक्युलर सायनस म्हणतात. नाकाच्या सायनसशी याचा काही संबंध नाही, वाफ घेऊन काहीही होणार नाही, हे सांगतोय कारण आम्हाला तोही सल्ला मिळालाय. वैद्यकीय पुस्तकांत याची पहिली नोंद १८६४ सालची आहे. युरोप-अमेरिकेत शंभरात एकालाही नसतं पण आशिया आणि आफ्रिकेच्या काही भागांत शंभरात चार ते दहा जणांना असतं, म्हणजे तुमच्या ओळखीत कोणाला तरी असणारच. एकाच कानाला असेल तर बहुतेक वेळा उजव्या, आणि दोन्ही कानांना असेल तर घराण्यात चालत आलेलं असण्याची शक्यता जास्त.

त्या नळीला आतून कातडीचं अस्तर असतं, त्यामुळे मेलेल्या पेशी आत साठत राहतात. भाच्याच्या उशीच्या अभ्र्यावर कधीकधी पांढरट, पनीरच्या कणांसारखं काहीतरी लागलेलं दिसायचं आणि त्याला वास यायचा, ते हेच. नुसतं तेवढं असेल तर दाबू नका, पिन घालून साफ करू नका, आम्ही दाबायचो आणि बहुतेक तिथूनच जंतू आत गेले. बऱ्याच वेळा हे स्टॅफिलोकॉकस जातीचे असतात, म्हणजे आपल्या कातडीवर राहणारेच.

तर आता त्या दोन गोष्टी.

पहिली, पू काढणं. इन्फेक्शन झालं की डॉक्टर आधी अँटिबायोटिक देतात आणि सोबत गरम शेक, बऱ्याच जणांचं एवढ्यानेच बसतं (कोर्स मात्र पूर्ण करायचा, सूज उतरली म्हणून तिसऱ्या दिवशी गोळ्या बंद करायच्या नाहीत). पण आत पू धरला असेल तर तो बाहेर काढावाच लागतो. काही डॉक्टर आधी सुईने ओढून घेतात, म्हणजे व्रण राहत नाही, नाहीच जमलं तर छोटा चिरा देतात आणि पू तपासायला पाठवतात. याने ठणका थांबतो, ताप उतरतो, आणि त्या दिवशी तेच करायचं असतं. पण नळी जिथल्या तिथे राहते.

दुसरी, ती नळीच काढून टाकणं. हे ऑपरेशन सूज असताना सहसा करत नाहीत, पूर्ण बसल्यावर काही आठवडे जाऊ देतात, कारण सुजलेल्या जागेत नळी कुठे संपते आणि मांस कुठे सुरू होतं ते कळत नाही. आणि खरी मेख इथेच आहे. नळी सरळ नसते, तिला फाटे असतात, ती कानाच्या कुर्च्याला, म्हणजे कानातल्या मऊ हाडाला, चिकटलेली असते, आणि एक छोटा फाटा जरी आत राहिला तरी परत पू होतो. म्हणून सर्जन भोकातून निळा रंग आत सोडतात, बारीक सळई घालून बघतात, मायक्रोस्कोप किंवा भिंगाचा चष्मा वापरतात, आणि नळी चिकटलेला कुर्च्याचा छोटा तुकडाही सोबत काढतात. काही जण चिरा कानाच्या वरपर्यंत नेऊन नळीच्या आजूबाजूचा सगळा भागच एकत्र काढतात, त्यात परत होण्याचं प्रमाण कमी आहे. नळीच्या मागे मागे जात नुसती नळीच काढण्याच्या जुन्या पद्धतीत परत होण्याचे वेगवेगळ्या डॉक्टरांचे आकडे शून्यापासून ४२ टक्क्यांपर्यंत आहेत, एवढा फरक. त्यामुळे हे नेहमी करणाऱ्या ईएनटी सर्जनकडेच जा असं मी आग्रहाने सांगेन. आणि आधी जितक्या वेळा इन्फेक्शन आणि चिरे झाले असतील तितकी आत जागा चिकटलेली सापडते, म्हणजे टाळत राहिलं की काम अवघड होत जातं.

घरी डिस्चार्ज कार्ड असेल तर काढून बघा. 'इन्सिजन अँड ड्रेनेज' लिहिलं असेल तर फक्त पू काढलाय, 'एक्सिजन' लिहिलं असेल तर नळी काढलीये. आमच्या दोन्ही कार्डांवर ड्रेनेजच होतं, फाईलमध्ये होतं, आम्ही वाचलंच नव्हतं.

एक गोष्ट मात्र नीट बघून घ्या. भोक कानाच्या खाली किंवा जबड्याच्या कोपऱ्याजवळ असेल, किंवा कानाच्या आतूनही पू येत असेल, तर तो प्रकार वेगळा असू शकतो आणि त्याची नळी चेहऱ्याच्या नसेजवळून जाते, तिथे आधी स्कॅन करून मगच हात घालतात.

भाच्याचं ऑपरेशन पूर्ण भूल देऊन झालं. डॉक्टरांनी बाटलीत दाखवलं, साधारण दीड सेंटिमीटरची निळी पडलेली सुतळीसारखी वस्तू आणि तिच्या टोकाला नखाएवढा पांढरा कुर्चा. टाके आठवड्याने निघाले, चष्म्याची काडी तिथे घासते म्हणून महिनाभर खाली कापूस ठेवायचा. त्याला आता तीन वर्षं झाली.

त्याच्या धाकट्या बहिणीला दोन्ही कानांना तसंच भोक आहे. कधी पू नाही, वास नाही. डॉक्टरांनी तिची ऐकण्याची तपासणी करून घेतली, घरात कोणाला बहिरेपण किंवा किडनीचा त्रास आहे का, मानेवर कुठे गाठ किंवा भोक आहे का ते विचारलं, कारण क्वचित या सगळ्या गोष्टी एकत्र येतात आणि तसं असतं तर किडनीची सोनोग्राफी केली असती. काहीच नव्हतं. मग म्हणाले, हिला ऑपरेशनची गरज नाही, फक्त कोणी दाबायचं नाही.