‘असं कुणी वागतं का?’ : गॉथिक कादंबरीवरच्या एका जुन्या आक्षेपाची पार्श्वभूमी

हीथक्लिफ इझाबेला लिंटनला पळवून नेतो त्या रात्री तिच्या डोळ्यांदेखत तिचा लाडका कुत्रा फासाला टांगतो. ती तरीही त्याच्याबरोबर जाते, लग्नही करते. एमिली ब्राँटेच्या ‘वदरिंग हाइट्स’मध्ये ही जागा आली की वाचक वैतागतो : शहाणी मुलगी असं वागेल का? हा आक्षेप गॉथिक कादंबरीला, म्हणजे भुताखेतांच्या, भयाच्या कथांना, जन्मापासून चिकटलेला आहे. खरं तर तो तिनंच अंगावर ओढवून घेतला.

होरेस वॉलपोलची ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ १७६४च्या डिसेंबरात आली, तीही जुन्या इटालियन ग्रंथाचा अनुवाद असल्याची बतावणी करत. लग्नाच्या दिवशीच एक अवाढव्य शिरस्त्राण कोसळतं आणि नवरदेव त्याखाली चिरडून मरतो. पुढच्या वर्षी दुसऱ्या आवृत्तीत वॉलपोलनं लेखकपण कबूल केलं आणि प्रस्तावनेत भूमिका मांडली : घटना कितीही अचाट असोत, पात्रांनी मात्र अशा प्रसंगी साधी माणसं जशी विचार करतील, बोलतील, वागतील तसंच वागावं. थोडक्यात, भुतांना सूट, माणसांना नाही. वॉलपोलनं हे स्वतः कितपत पाळलं हा प्रश्न आहेच. किल्ल्याचा धनी मॅन्फ्रेड मुलाच्या, म्हणजे त्याच नवरदेवाच्या, मृत्यूला दिवस उलटायच्या आत होणाऱ्या सुनेलाच मागणी घालतो. पण वंश बुडण्याच्या धास्तीनं पछाडलेला सत्ताधीश असं करणारच नाही, असं मला तरी म्हणवत नाही.

नंतरच्यांनी भुतांवरची सूटही काढून घेतली. वॉलपोलच्या कादंबरीतली, उचलायला शंभर माणसं लागणारी तलवार पाहून भीतीऐवजी हसू येतं, असं क्लारा रीव्हनं १७७८ साली ‘द ओल्ड इंग्लिश बॅरन’च्या प्रस्तावनेत सुनावलं. अ‍ॅन रॅडक्लिफनं १७९४च्या ‘उडॉल्फो’त काळ्या पडद्यामागच्या भयानक दृश्याचा उलगडा अखेरीस मेणाची आकृती म्हणून केला. जेन ऑस्टिननं तर असल्या कादंबऱ्या वाचणाऱ्यांचीच फिरकी घेतली.

‘वदरिंग हाइट्स’ डिसेंबर १८४७मध्ये एलिस बेल या टोपणनावानं निघाली तेव्हा तक्रारीची दिशाच फिरली. भूत पचलं, माणसं पचेनात. सगळ्या पात्रांत तिरस्करणीय किंवा तुच्छ नाही असं एकही नाही, असं ‘अ‍ॅटलस’ या नियतकालिकानं लिहिलं. ‘एक्झॅमिनर’ला ती होमरपूर्व काळातल्या रानटी लोकांहूनही रांगडी वाटली. एमिलीच्या मेजात या कादंबरीची पाच परीक्षणं जपून ठेवलेली सापडली. उत्तर द्यायला ती फार काळ राहिलीच नाही. १९ डिसेंबर १८४८ रोजी, वयाच्या तिसाव्या वर्षी गेली.

बचाव बहीण शार्लटनं केला, १८५०च्या आवृत्तीत. पण तो काहीसा विचित्र बचाव आहे. मठातल्या जोगिणीला दारावरून जाणाऱ्या गावकऱ्यांची जितकी ओळख, तितपतच एमिलीची आसपासच्या लोकांशी होती, असं ती म्हणते आणि हीथक्लिफसारखा जीव निर्माण करणं योग्य की नाही, याबद्दल शंकाही घेते. सख्ख्या बहिणीनंच ‘हे जरा अतीच झालं’ म्हटल्यावर परक्यांना काय बोल लावायचा?

पुढे मोजपट्ट्या बदलत गेल्या. कादंबरीत माणसं किती पटापट मरतात, यावर आजही हसणारे भेटतात. हीथक्लिफच्या पिढीतली बहुतेक चाळिशी गाठतच नाहीत. त्याच १८५० साली बेंजामिन बॅबेज या निरीक्षकानं एमिलीच्या हॉवर्थ गावाच्या आरोग्यस्थितीचा अहवाल दिला. गावात मृत्यूचं सरासरी वय निघालं २५.८ वर्षं, आणि शेकडा ४१.६ मुलं सहा वर्षांची व्हायच्या आत दगावत होती. कथा त्याआधीच्या, अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकांतली आहे हे खरं. पण एमिलीनं मरण पाहिलं ते याच गावात. कादंबरीतल्या दारूत बुडालेल्या हिंडलीसाठीही, म्हणजे वदरिंग हाइट्स या घराच्या मालकासाठीही, तिला लांब जावं लागलं नसणार. भाऊ ब्रॅनवेल घरातच दारू आणि अफूपायी खंगत होता.

सगळ्यात रोचक साक्ष मात्र एका वकिलाची. सी. पी. सँगर यांनी १९२६मध्ये एका छोट्या पुस्तिकेत कादंबरीतल्या तारखा, वंशावळ आणि मिळकतीचे व्यवहार तपासले आणि त्या काळच्या कायद्याचं एमिलीचं ज्ञान पाहून ते थक्क झाले. हीथक्लिफ प्रियकर म्हणून पटो न पटो, सावकार म्हणून तंतोतंत पटतो. जुगारी हिंडलीला कर्ज देत तो वदरिंग हाइट्स गहाण पाडून घेतो. मग लिंटन घराण्याच्या थ्रशक्रॉस ग्रेंजवर नजर. आपल्या मरणोन्मुख मुलाशी तो लिंटनांच्या धाकट्या कॅथीचं जबरदस्तीनं लग्न लावतो; कारण तेव्हाच्या इंग्लंडात बायकोची जंगम मालमत्ता लग्न होताच नवऱ्याची होई. मुलगा मरण्याआधी ती बापाच्या नावे करून देतो. इकडे कॅथीचा बाप एडगर अंथरुणाला खिळलेला. पैसा विश्वस्तांच्या हाती सोपवावा म्हणून मृत्युपत्र बदलायला तो वकील ग्रीनला बोलावणं धाडतो. ग्रीन हीथक्लिफला विकला गेलेला असतो. तो वेळ काढतो, एडगर गेल्यावरच उगवतो, आणि आल्या आल्या घर सांभाळणाऱ्या एकट्या नेलीला वगळून घरातल्या सगळ्या नोकरांना काम सोडायला सांगतो.