लहान आतड्यात टेनिस कोर्ट मावत नाही

"लहान आतडं उलगडून पसरलं तर टेनिस कोर्ट भरेल." क्लासच्या नोट्समध्ये हे वाक्य ठरलेलंच. मीही पाठ केलं होतं. टेनिस कोर्ट म्हणजे सुमारे २६० चौरस मीटर, आणि एवढा पृष्ठभाग आपल्या पोटात नाही.

२०१४ साली स्वीडनच्या हेलँडर आणि फँड्रिक्स यांनी जिवंत माणसांच्या आतड्याचे बारीक तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली मोजून नवं गणित मांडलं. संपूर्ण पचनमार्गाचं अस्तर भरलं सुमारे ३२ चौरस मीटर, त्यात मोठ्या आतड्याचा वाटा जेमतेम दोनाचा. म्हणजे अर्धं बॅडमिंटन कोर्ट! मृत्यूनंतर स्नायू सैल पडतात, आतडं लांबतं. शवविच्छेदनातल्या मापांवर गणित केलं की आकडा फुगतो.

पण आकडा घटला म्हणून नवल घटत नाही. अस्तरावर मखमलीसारखे रसांकुर, म्हणजे बोटांसारखे इवले उंचवटे, उभे असतात, जेमतेम अर्धा ते एक मिलिमीटर उंच. त्यांच्यावरच्या प्रत्येक शोषक पेशीच्या माथ्यावर आणखी हजारो सूक्ष्मांकुर. या दोन्हींमुळे पृष्ठभाग ६० ते १२० पट वाढतो.

सगळ्याच पेशी शोषण करतात, हाही गैरसमजच. पेल्याच्या आकाराच्या गॉब्लेट पेशी श्लेष्मा, म्हणजे बुळबुळीत स्राव, सोडतात. काही पेशी संप्रेरकं बनवतात. रसांकुरांच्या मधल्या खळग्यांत, अगदी तळाशी, पॅनेथ पेशी जंतुनाशक प्रथिनं स्रवतात. त्यांच्या शेजारच्या मूलपेशींतून नव्या पेशी जन्मतात, वर सरकत टोकाला पोचतात आणि गळून पडतात. चार-पाच दिवसांत जवळपास सगळं अस्तर नवं!