घमेल्यात उतरलेली शिकारीण

मे महिन्यातली दुपार, दोन वाजून गेले होते. अमळनेरात त्या आठवड्यात पारा ४४ च्या खाली यायला तयार नव्हता. आमच्या परसात पेरू, शेवगा आणि एक जुना कडुनिंब आहे. निंबाच्या सावलीत चिमण्या-बुलबुलांसाठी पाण्याचं घमेलं भरून ठेवलेलं असतं. दुपारी तिथे नुसता कलकलाट चालतो, पण त्या दिवशी सगळं चिडीचूप होतं. सातभाई नाहीत, खार नाही, बुलबुलाची एक शीळसुद्धा नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून आई दबक्या आवाजात म्हणाली, "आरे देख, पानीमा काय बठेल शे!"

घमेल्यात पोटापर्यंत पाण्यात एक करडा पक्षी उभा होता. आकार कबुतराएवढाच, पण नजर कबुतराची नव्हती. मी कॅमेरा उचलला. पहिले सहा फोटो वाया गेले, कारण खिडकीच्या डासांच्या जाळीवरच फोकस बसत होता. जाळीची चौकट हळूच सरकवली तेव्हा त्याने मान वळवून थेट माझ्याकडे पाहिलं. मी श्वास रोखून तसाच उभा राहिलो. तो उडाला नाही. पुढच्या अकरा मिनिटांत चाळीसेक फोटो मिळाले.

पहिल्या नजरेत मला तो पावशा वाटला होता. मृगाच्या आधी "पेरते व्हा, पेरते व्हा" म्हणत शिवार जागवणारा पावशा वरून राखाडी, छातीवर तांबूस, शेपटीवर पट्टे असा असतो, आणि शिक्रा हा छोटा शिकारी पक्षीही थेट तसाच दिसतो. हे साम्य पावशाच्या कामाचं आहे. तो कोकिळेच्या कुळातला, आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात घालणारा. शिकारी पक्ष्यासारखा वेश असला की छोटे पक्षी बिचकतात. युरोपातल्या कोकिळेवर असे प्रयोग झाले आहेत. तिथे पोटावर शिकाऱ्यासारखे आडवे पट्टे असलेल्या नकली कोकिळेजवळ जायला छोटे पक्षी कचरले, आणि पट्टे नसलेलीला ते तेवढे घाबरले नाहीत.

शंका फिटली ती अकराव्या फोटोत. पक्षी घमेल्याच्या काठावर चढला होता आणि पाय स्पष्ट दिसत होते. तीन बोटं पुढे, एक मागे, आणि त्या मागच्या बोटाला आकड्यासारखं काळं नख. पावशाची दोन बोटं पुढे आणि दोन मागे असतात, आणि पायात असं बळ नसतं. चोचही बुडापासून आकड्यासारखी वळलेली होती. गळ्याच्या मधोमध पेन्सिलीने ओढावी तशी एक बारीक करडी रेघ होती. शिक्राच, आणि तीही मादी. नराची पाठ निळसर राखी आणि डोळा लालभडक असतो. हिच्या पाठीवर तपकिरी झाक होती आणि डोळा नारिंगी-पिवळा होता. बहुतेक शिकारी पक्ष्यांत मादी नरापेक्षा मोठी असते. शिक्रे पाळून शिकार करणाऱ्या जुन्या लोकांनी म्हणूनच दोघांना वेगळी नावं दिली होती: मादी ती शिक्रा आणि छोटा नर तो चिपका. आज शिक्रा पाळणं हा कायद्याने गुन्हा आहे, पण नावांतलं ते निरीक्षण अस्सल आहे.

तशी शिक्रा दुर्मीळ नाही. झाडं असतील त्या गावात ती असते. आपल्याला दिसत नाही कारण तिची शिकारीची पद्धतच लपून बसण्याची आहे. घारीसारखी ती आकाशात घिरट्या घालत बसत नाही. दाट फांदीत दबा धरते आणि सरडा, उंदीर, खार किंवा छोटा पक्षी टप्प्यात आला की झेपावते. आखूड गोलसर पंख आणि लांब शेपूट यांच्या जोरावर ती फांद्यांच्या जंजाळातून सहज वळते. इतकी सावध शिकारीण भर दुपारी उघड्यावर, माणसांच्या खिडकीपासून पंधरा फुटांवर कशी आली, याचं उत्तर फोटोंतच होतं.

जवळपास प्रत्येक फोटोत तिची चोच उघडी होती. आधी वाटलं ओरडते आहे, पण आवाज एकही नव्हता. ती धापा टाकत होती. पक्ष्यांना घाम येत नाही. त्यांच्या शरीराचं तापमान सुमारे ४१ अंश असतं. हवा त्यापेक्षा गार असेल तोवर अंगातली उष्णता आपोआप बाहेर जाते. खान्देशातल्या मे महिन्यात हा हिशेब उलटा होतो. हवाच अंगापेक्षा तापलेली असते, त्यामुळे उष्णता बाहेर जायच्या ऐवजी आत येते. मग एकच वाट उरते, पाण्याची वाफ करणं. तोंड आणि श्वासनलिकेच्या ओल्या अस्तरावरून वेगाने हवा फिरवली की पाणी उडून जातं, आणि जाताना दर ग्रॅममागे सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातं. माठातलं पाणी गार होतं ते याच नियमाने. आपल्याकडची कोरडी हवा या कामाला चांगली, पण त्यात अंगातलं पाणी भराभर खर्च होतं. शिकारी पक्ष्यांना एरवी पाणी फारसं प्यावं लागत नाही. भक्ष्याच्या मांसातच दोन तृतीयांशाहून अधिक पाणी असतं. त्या दुपारी मात्र तेवढ्याने भागत नसावं. ती प्यायली, पोट भिजवलं, पंख फडफडवून पाठीवर पाणी घेतलं आणि पुन्हा प्यायली.

दोन फोटोंनी मला घाबरवलं. त्यांत तिचा डोळा दुधासारखा पांढरा होता. मोतीबिंदू म्हणावा, तर लगेच पुढच्या फोटोत तोच डोळा लख्ख नारिंगी. ती पक्ष्यांची तिसरी पापणी. नाकाच्या बाजूने डोळ्यावर आडवी सरकते, बुबुळ पुसते, ओलं करते आणि झटकन माघारी जाते. भक्ष्यावर झेप घेतानाही हीच पापणी डोळ्याचं रक्षण करते. हे सगळं इतक्या वेगात होतं की समोर बसून पाहणाऱ्याला त्याचा पत्ताच लागत नाही. कॅमेऱ्याचा पडदा सेकंदाच्या हजाराव्या भागापुरता उघडला होता, म्हणून ती सापडली.

आणखी एक गोष्ट फोटो ओळीने लावल्यावर कळली. दूर निंबाच्या शेंड्याकडे पाहताना ती प्रत्येक वेळी मान तिरकी करून एकाच डोळ्याने पाहत होती. जवळचं पाणी मात्र दोन्ही डोळ्यांनी समोरून. आपल्या डोळ्याच्या पडद्यावर सर्वांत तीक्ष्ण दिसण्याची एकच खळगी असते. ससाणे आणि शिक्रे यांच्या प्रत्येक डोळ्यात अशा दोन असतात. जास्त खोल असलेली खळगी बाजूला पाहते आणि दूरचं तिनेच उत्तम दिसतं. २००० साली अमेरिकी जीवशास्त्रज्ञ व्हान्स टकर यांनी दाखवून दिलं की बहिरी ससाणा भक्ष्याकडे सरळ न येता वळणदार वाटेने येतो, ते यामुळेच. सरळ आला तर भक्ष्य नीट पाहायला मान वाकडी करावी लागेल आणि वाकड्या मानेने वेग कमी होईल.

फोटो संगणकावर उतरवताना मी तारीख, वेळ आणि जागा लगेच लिहून ठेवली. खान्देशातल्या माणसाने तर हे लिहायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं. आपल्या रानपिंगळ्याची गोष्ट तशीच आहे. दिवसाढवळ्या शिकार करणारं हे छोटं घुबड १८७२ साली विज्ञानाला मिळालं. १८८४ साली जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्याने खान्देशात त्याचा नमुना मिळवला, आणि नंतर शंभर वर्षांहून अधिक काळ पत्ता नाही. मधल्या काळात रिचर्ड माइनर्ट्झहागन या ब्रिटिश पक्षीसंग्राहकाने १९१४ साली गुजरातेत रानपिंगळ्याचा एक नमुना मिळवल्याची नोंद होती. शोध घेणारे त्या नोंदीवर विसंबून राहिले. १९७० च्या दशकात सालिम अली आणि डिलन रिप्ली या पक्षीतज्ज्ञांच्याही हाती काही लागलं नाही. अमेरिकी पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयांतले नमुने तपासले तेव्हा उलगडा झाला: तो नमुना डेव्हिडसनचाच होता, चोरलेला, आतला भराव बदलून नव्याने बनवलेला आणि खोटी चिठ्ठी लावलेला. खोटी जागा बाजूला सारून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट जुन्या खऱ्या नोंदींच्या मागावर निघाले. नोव्हेंबर १९९७ मध्ये सातपुड्याच्या पायथ्याशी, शहाद्याजवळ, झाडावर बसलेला रानपिंगळा त्यांना दिसला. डोक्यावर ठिपके नाहीत, पोट पांढरं, पाय दणकट. त्यांनी त्याचं चित्रीकरण केलं, फोटो घेतले, आणि ११३ वर्षांनी तो पक्षी पुन्हा जिवंतांच्या यादीत आला. एका चिठ्ठीवरच्या खोट्या जागेपायी इतका काळ शोध भरकटला, याचं मला आजही वाईट वाटतं.

आमच्या शिक्रेचा फोटो तेवढ्या मोलाचा नाही, हे मला माहीत आहे. पण मे हा तिच्या विणीचा काळ, म्हणजे घरटं जवळपास कुठेतरी असणार. शेजारच्या काकांनी "चला, शोधू या" म्हटलं. मी नको म्हणालो. घरट्याखाली माणसं घुटमळू लागली की शिक्रा अंड्यांवरून उठते, आणि त्या उन्हात उघडी पडलेली अंडी फार वेळ तग धरत नाहीत. आम्ही फक्त घमेलं सकाळ-दुपार दोनदा भरायला लागलो.

जुलैत पावसाने ओढ दिली होती. एका सकाळी परसात पुन्हा तीच शांतता पसरली. खिडकीची जाळी या वेळी आधीच सरकवलेली होती. घमेल्याच्या काठावर एक शिक्रा बसली होती, जरा वेंधळ्यासारखी, पाण्यात पाय घालू की नको अशा विचारात. छातीवर आडव्या रेषा नव्हत्या, उभे तपकिरी थेंब होते. डोळा फिकट पिवळा. त्याच वर्षीचं पिल्लू. मी तीन फोटो काढले आणि वहीत लिहिलं: ११ जुलै, सकाळी ८:२०, निंबाखाली, चोच मिटलेली.